खिडकी काढली, येऊन पाह्य

हमीद, परवा तू गेल्याच्या चाळिसाव्याला मी करवतीचं पातं घेऊन आलो होतो. पिशवीत वर केळी आणि खाली पातं, हातड्रिल, पाने. आत कुराणखानी चालली होती, अंगणात हंड्याखालची लाकडं ओढून घेत होते, आणि मी पिशवी मांडीशी आवळून बसलो होतो. कुणी केळी घ्यायला हात पुढे केला की दचकायचो. तुझ्या गाडीचा तळ कापायला आलो होतो मी, तू नसताना. असतास तर कापू दिला नसतास. आयुष्यभर ज्या माणसाशी समोरासमोर भांडलो, त्याच्या पाठीमागे असं काही करायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

भाभीनेच एसटीच्या डेपोत फोन करून बोलावलं होतं. "दिवाकरभाऊ, गाडी घेऊन जा. शेड माह्या भावाले पाह्यजे. पण गिअरच पडत नाई तं बाहेर काढाव कशी? तुमची अर्धी हाये, तुम्हीच काढा." अर्धी माझी, हे तूच तिला सांगून ठेवलं असणार. मी कधी हक्क सांगितला नव्हता. भांडण मात्र पूर्ण माझंच होतं.

चिमुरात तुझी गाडी ठाऊक नसलेला माणूस नाही. लोक तिला डब्बी म्हणत. चंद्रपूरच्या एका तेंदूपत्ता ठेकेदाराच्या गोदामात तू तुझ्या शेडमधली फायबरची पाण्याची टाकी जोडायला गेला होतास, तिथे पोत्यांच्या मागे ती तुला दिसली. ठेकेदाराच्या पोराने हौसेने मागवलेली, घरी जोडायची गाडी, सगळी सुट्या भागांत. लोखंडी पाइपांचा सांगाडा, फायबरची टरफलं, आणि पोराची हौस तेवढ्यात संपलेली. तू तिथून थेट बस धरून माझ्याकडे गडचिरोलीला आलास. मी डेपोच्या खड्ड्यात, दुरुस्तीला आलेल्या बसच्या खाली होतो. वरून वाकून म्हणालास, "दिवाकर, एक गाडी भेटली. फक्त ते अजून गाडी नाई हाये."

मी तुला वेड्यात काढलं. मग रजा टाकून तुझ्याबरोबर ट्रकमध्ये बसून ती आणायला गेलो.

कितीतरी सुट्ट्या आपण त्या शेडमध्ये घातल्या. लोखंडाचं माझ्याकडे, फायबरचं तुझ्याकडे, अशी वाटणी न बोलता झाली होती. शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हाही गणित माझ्याकडे आणि चित्रं तुझ्याकडे असत. अपघातात चेपलेल्या एका लहान गाडीचं इंजिन आपण तिच्या मागच्या बाजूला बसवलं, कारण सांगाड्यात जागाच तिथे होती. गिअरचा दांडा पुढे हाताशी आणि गिअरबॉक्स पार मागे, म्हणून मधोमध बोगद्यातून एक लांब लोखंडी सळई गेली. ती सळई गिअरबॉक्सला जिथे भेटते तिथे मुठीएवढं कपलिंग असतं, दोन लोखंडी कान आणि मध्ये रबर. हे रबर झिजलं की पुढे तुम्ही काहीही करा, मागे काही पोचत नाही. सगळी गाडी धड असते आणि तरी जागची हलत नाही.

ते कपलिंग बरोबर मागच्या सीटखाली, बोगद्याच्या आत. आणि त्या बोगद्यावरून तू तुझा तळ ओतलास. हौदाला ओततोस तसा, एकसंध, कुठे सांधा नाही. मी तेव्हाच म्हणालो होतो.

"इथी एक झाकण ठेव, हमीद. उद्या कपलिंग बदलाचं झालं तं हात कुठून घालू?"

"इंजिन उतरवू."

"दर खेपेले?"

"दर खेपेले. इतका मस्त तळ ओतला अन् त्याले भोक पाडू? गाडी हाये का गल्ला?"

मी हसलो आणि विषय तिथेच राहिला. तळ खरंच देखणा होता. लाल रंगावर तू शेवटचा हात फिरवलास तेव्हा भाभीने त्यात वाकून कपाळावरचा केस सारखा केला, आणि तू दिवसभर ते येईल त्याला सांगत होतास.

पहिली मोठी फेरी चिमूर ते गडचिरोली. नाक्यावर जवानांनी अडवलं. त्यांना ती कुठल्याच कागदात बसेना. एकाने पुढचं टोपण उघडायला लावलं तर आत भाभीचा डबा आणि दोन कांदे. "इंजन कुठी हाये?" तू म्हणालास, मागं. "मागं काऊन?" तू अगदी गंभीरपणे सांगितलंस, "साहेब, पुढं माह्ये पाय येतात." मला वाटलं आता दिवसभर बसवून ठेवतील. तर तो जवान म्हणाला, जरा मले बसू दे, आणि नाक्याच्या मोकळ्या जागेत तीन चकरा मारून आला. तुला लोकांना असं हसवून आपल्या बाजूचं करता यायचं. मला कधी जमलं नाही. मी नियम सांगतो आणि माणसं दुरावतात.

परत येताना कपलिंगचं रबर गेलं. गिअर दुसऱ्यात अडकला तो अडकलाच. जंगलातल्या रस्त्याने आपण दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत आलो, सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात होते. एक तर बराच वेळ आपल्या बरोबरीने चालवत राहिला आणि कुठल्या गावचे, कोणाकडे जाता, सगळी चौकशी करून मग पुढे गेला. तू हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकवत होतास. मी मात्र मनातल्या मनात झाकणाचा हिशेब मांडत बसलो होतो.

मग इंजिन उतरवलं. तू म्हणाला होतास तसंच. शेडच्या आडव्या बल्लीला साखळी बांधून दोघांनी उतरवलं, रबर बदललं, परत चढवलं. माझी पाठ धरली ती कायमचीच. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा रबर गेलं तेव्हा मी तुझ्या शेडमध्ये, गिऱ्हाइकांच्या समोर, सीट उचलून खडूने चौकोन काढला आणि म्हणालो की आज इथे कापायचं म्हणजे कापायचं.

तू खडू पुसलास. बाहीने. "कायले पाह्यजे तुले इथी खिडकी? तुया कपलिंगले हवा खायाची हाये का?"

बसलेले सगळे हसले. तुलाही मला दुखवायचं नव्हतं, तू फक्त नेहमीसारखं हसवत होतास. पण त्या दिवशी माझी पाठ दुखत होती आणि सकाळी मी त्याच एका कामासाठी बस धरून आलो होतो. मी म्हणालो, "तुया फायबरपायी गाडी मेली, समजलं? कापाचं ठरलं तं बोलाव. तवरोक मी येत नाई."

"नको येऊ, दिवाकरभाऊ," तू म्हणालास. रागावलास की मला भाऊ लावायचास.

आणि मी नाही आलो. पहिले काही महिने वाटायचं, आज येईल बोलावणं. मग सवय झाली. ईदला मी आलो नाही, तर तुझा शिरखुर्मा बसच्या कंडक्टरबरोबर आला. दिवाळीला मी त्याच कंडक्टरबरोबर चिवडा पाठवला. डबे जात-येत राहिले. माणसं गेली नाहीत. डबा रिकामा परत करायचा नाही एवढी रीत दोघांनीही पाळली, पण डब्याबरोबर चार शब्द पाठवावेत हे कुणालाच सुचलं नाही. निदान मला असं वाटत होतं.

यंदा पाऊस नीट लागायच्या आधी तो कंडक्टर डेपोत माझ्याकडे आला. "दिवाकरभाऊ, चिमूरच्या हमीदभाईचा निरोप हाये. म्हणे, खिडकी काढली, येऊन पाह्य."

आता मी काय समजलो ते सांगतो. तुला हे सांगायलाच हा कागद घेतला आहे.

तू शेडच्या मागे दोन खोल्या बांधल्या होत्यास. स्वयंपाकघराची भिंत शेडला लागून, आणि फायबरची भुकटी आत जाऊ नये म्हणून ती भिंत तू आंधळी ठेवलीस. मी आलो की भाभी चहाबरोबर तेच गाऱ्हाणं द्यायची. दिवाकरभाऊ, तुमच्या दोस्ताले सांगा, एक खिडकी काढून दे म्हना, धुरानं डोये गेले माह्ये. मी वकिली करायचो, तू हो हो म्हणायचास आणि सिमेंट दुसरीकडे वापरायचास. तुझ्या घरात खिडकी म्हटलं की ती एकच खिडकी, जी नव्हती. गाडीतल्या त्या जागेला मी नेहमी झाकण म्हणत आलो आणि तू भोक. खिडकी तू एकदाच म्हणालास, माझी चेष्टा करायला, आणि ते मी विसरून गेलो होतो.

मला वाटलं, काढली एकदाची भाभीला खिडकी, आणि आता मिरवायला बोलावतो आहे. गाडीचा शब्द नाही, माझ्या रुसण्याची दखल नाही, आणि म्हणे भिंत पाहायला ये. जरा रागच आला. पण भाभीसाठी बरंही वाटलं, म्हणून म्हटलं थोडी गंमत करावी. कंडक्टरला सांगितलं, "हमीदले म्हणा, खिडकीत बसून हवा खा. मले इथी मराले टाईम नाई."

हवा खा. हमीद, मी खरंच हे सांगितलं. तुझेच शब्द होते ते, भर शेडमध्ये मला मारलेले, आणि मी नेमके तेच परत पाठवले. मला त्याचा पत्ताही नव्हता. ऐकताना तुला मात्र पत्ता असणारच.

त्यानंतर तुझ्याकडून काही आलं नाही. मग तुझ्या जाण्याचीच बातमी आली. मातीला मी पोचलो. तीन मुठी माती टाकली आणि खरं सांगायचं तर तेव्हाही तुझ्यावर रागावलेलोच होतो. मनात म्हणत होतो, इतका कसला ताठा, एक शब्द पाठवायचा होतास, धावत आलो असतो. कबरस्तानातून निघताना मी तुझ्या मेव्हण्याला हे बोलूनही दाखवलं. तो बिचारा मान हलवत राहिला.

परवा जेवणं झाल्यावर मी भाभीला भेटायला आत गेलो. इद्दत चालू आहे, नवऱ्यामागचे चार महिने दहा दिवस, म्हणून ती स्वयंपाकघरात पडद्याआड होती. जी बाई माझ्यासमोर बसून तुझी उणीदुणी काढायची तिचा नुसता आवाज येत होता. पडद्याच्या कडेतून आतला ट्यूबलाइट दिसत होता, भर दुपारी चालू. भिंत जशीच्या तशी. काजळीने काळी झालेली, आंधळी.

मी विचारलं, "भाभी, खिडकी कुठी हाये?"

"कोन्ती खिडकी?"

"हमीदनं काढली म्हणे. मले निरोप धाडला होता."

"तुमाले कोनी सांगितलं? इथी कुठी खिडकी हाये? मी मांगून मांगून थकली."

मला वाटलं कंडक्टरने भलताच निरोप आणला. मी पिशवी उचलून शेडमध्ये गेलो. तुझी लेक शबाना कोरपन्याहून आली होती, ती मागून आली. काका, मी काही धरू का, म्हणाली. मी तिला बॅटरी धरायला दिली आणि मागची सीट उचलली. पातं हातात होतं.

तळाला चौकोनी झाकण होतं.

कडा घासून गुळगुळीत केलेल्या. भोवती बसच्या काचेला लावतात तसली रबराची पट्टी, कोपऱ्यात बरोबर तिरकी कापून जोडलेली. चारी कोपऱ्यांना चिमटीने फिरतील असे नट, म्हणजे पाना न लावता, नुसत्या हाताने उघडावं. आणि रंग तोच लाल, इतका जुळवून दिलेला की सीट उचलून बघणाऱ्यालाही आधी फक्त नट दिसावेत. तुझा तो एकसंध तळ तू स्वतःच्या हाताने कापला होतास. मला त्या क्षणी हवा खा आठवलं. मी तिथेच चाकाशी बसलो. शबाना घाबरून पाणी आणायला धावली.

नट फिरवून झाकण काढलं. आत जुनं कपलिंग तसंच होतं, झिजलेलं. शेजारी सळईला तारेने बांधलेली पॉलिथिनची पुडी आणि पुडीत नवं कपलिंग, ग्रीस लावलेलं. सगळं तयार करून तू ते बदललं मात्र नव्हतंस. का, ते मला कुणी सांगायला नको. ते काम एकट्याचं नाही. एकाने पुढे बसून दांडा दुसऱ्या गिअरमध्ये पक्का धरायचा आणि दुसऱ्याने मागे बोल्ट आवळायचा. तू पुढे बसायचास. "दुसऱ्यात हाये, आवळ," म्हणायचास. कुणालाही बसवता आलं असतं तुला. शेडमध्ये माणसांची कमी नव्हती. तू गाडी तशीच उभी ठेवलीस आणि मला निरोप पाठवलास.

मी परत पडद्याशी गेलो आणि भाभीला सगळं सांगितलं. माझा उलटा निरोपही सांगितला, एक शब्द न बदलता.  पलीकडून हसण्याचा आवाज आला, आणि तो हसण्याचाच राहिला नाही.

"पाहा, दिवाकरभाऊ," ती म्हणाली. "मी इतकी वर्स खिडकी मांगून राह्यली. अन् काढली तं गाडीले काढली."

मी विचारलं, निरोप ऐकून तो काय म्हणाला होता. हे विचारू नये असं वाटत होतं, पण न विचारता मला तिथून निघता आलं नसतं.

"ते स्टँडवरून आले, जेवले नाई. मी म्हटलं काऊन? तं म्हणे, दिवाकर अजून गरमच हाये. मंग रात्री म्हणे, पोळा होऊ दे, मीच जातो गडचिरोलीले. त्याच्या घरी जाऊन बसतो. कसा बोलत नाई पाह्यतो."

पोळा तू गेल्यावर आला, हमीद. मी घरीच होतो त्या दिवशी. सुट्टी होती.

तू ते एक जेवण टाकलंस, ते माझ्या नावावर आहे. बाकी सगळ्याबद्दल मी स्वतःची समजूत घालतो आहे, की शब्दाने घोळ केला, कंडक्टरने अर्धंच सांगितलं, तूही एक शब्द जास्त पाठवू शकला असतास. सगळं खरं आहे. पण तू निरोप पाठवल्यावर मी फक्त बसमध्ये बसायचं होतं. भिंतीतली खिडकी असती तरी यायला काय हरकत होती? खिडकी पाहायला ये म्हणणाऱ्या मित्राकडे माणूस जातो. खिडकी कसली का असेना. मी गेलो नाही, कारण तू मला माझ्या अटीवर बोलवावंस असं मला हवं होतं, आणि तू तसं बोलावलंस तेव्हा ते मला कळलंसुद्धा नाही.

मग काम केलं. शबानाला पुढे बसवलं, दांडा कसा धरायचा ते दाखवलं. गिअरचा दांडा सोडवून सळई पुढे सरकवली, जुना बोल्ट ढिला होऊ नये म्हणून पिळलेली तार कापली, जुनं कपलिंग काढलं. दोन्ही कानांचं लोखंड इतकं घासलं होतं की बोटाला धार लागली. नवं बसवलं, सळई मागे घेऊन दांड्याला परत जोडली. मी आतूनच ओरडलो, दुसऱ्यात घाल. थोडी खडखड झाली. मग ती म्हणाली, "काका, दुसऱ्यात हाये. आवळा." आवाज तिचा होता. बोलणं तुझं होतं. मी आवळलं, तार पिळली आणि जरा वेळ डोकं आतच ठेवलं, कारण बाहेर काढलं असतं तर पोरीने तोंड पाहिलं असतं.

डोकं वर घेताना आणखी एक गोष्ट दिसली, ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तू खडू पुसलास, पण खडूचा एक कोपरा झाकणाच्या बाहेर राहून गेला होता. त्यावरून मी मोजलं. मी सांगत होतो त्या जागेपासून तू खिडकी दोन बोटं डावीकडे घेतली होतीस. मी सांगत होतो तिथे खाली सांगाड्याचा आडवा पाइप आहे. तो मीच जोडलेला, आणि मीच विसरलेला. त्या दिवशी तू मला कापू दिलं असतंस तर मी पाइपच कापला असता. आणि परवा तू कापून ठेवलं नसतंस, तरीही तोच कापला असता. पातं पिशवीत परत ठेवलं, केळ्यांच्या सालींबरोबर.

गाडी शेडच्या बाहेर काढली. शबानानेच काढली, पहिल्यात, मग दुसऱ्यात, आणि गिअर लोण्यातून गेल्यासारखे पडले. मी गाडी नेलेली नाही. भाभीची इद्दत संपेपर्यंत ती अंगणातच राहील. ती संपली की मी सुट्टी काढून छिन्नी, हातोडा आणि एक गवंडी घेऊन येणार आहे. त्या भिंतीचं काम आता माझ्याकडे. शेडमध्ये आता तुझ्या मेव्हण्याचं वेल्डिंग होणार, भुकटीचा प्रश्न नाही. जागा भाभी दाखवील तिथे. मी खडू घेऊन येणार नाही.

संध्याकाळच्या बसला तोच कंडक्टर होता. गडचिरोलीला उतरताना सवयीने म्हणाला, "भाऊ, चिमुरात कोणाले काही सांगाचं हाये का?" आणि मग पिशवीतले सुट्टे मोजायला लागला. मी नाही म्हणालो. पण होतं सांगायचं, आणि ते पोचवायला आता त्याची बस जात नाही, म्हणून हा निरोप इथेच लिहितो.

खिडकी पाह्यली, हमीद. जागा तुयीच बरोबर हाये.